मिक्सिंग कशावर करावे? नांदेड-लातूरच्या स्टुडिओंसमोरचे पर्याय

तुळशीचे लग्न लागले की नांदेड-लातूरच्या स्टुडिओंमधल्या संगणकांना आषाढापर्यंत उसंत नसते. दिवसा शूटिंग, रात्री मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओचे संकलन. शिवाय काम आता लग्नापुरते उरलेले नाही. प्री-वेडिंग, हळदीची रील, सप्ताहातली कीर्तने, यूट्यूबवरच्या तालुक्याच्या बातम्या, लातूरच्या क्लासेसची लेक्चर्स आणि निवडणूक आली की उमेदवारांच्या प्रचारफिती, हे सगळे त्याच टेबलावर येते. नव्याने धंद्यात उतरणारा पोरगा असो की वीस वर्षे दुकान चालवणारा स्टुडिओमालक, दोघांना एकच प्रश्न पडतो: एडियस ठेवावे, प्रीमियर घ्यावे, डाव्हिन्ची रिझॉल्व्ह शिकावे, की मॅक घेऊन फायनल कटवर जावे?

उत्तर बहुतेकदा यूट्यूबवरच्या तुलनांमधून शोधले जाते. त्या तुलना खोट्या नसतात, पण त्या ज्याच्यासाठी केलेल्या असतात त्याचा संगणक, त्याची वीज, त्याचे गिऱ्हाईक आणि त्याची कमाई इथल्यासारखी नसते. सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते, हा प्रश्नच मला निरुपयोगी वाटतो. आपले काम कोणाकडून येते, कोणाकडे जाते आणि रात्री दोन वाजता अडले तर कोणाला फोन करता येतो, या तीन गोष्टींवर निवड ठरते. याच हिशोबाने हा आढावा घेतला आहे.

सुरुवात एडियसपासूनच करावी लागते, कारण आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओवर त्याचे राज्य आहे. हे सॉफ्टवेअर जपानमधल्या कोबे शहरातल्या कॅनोपस कंपनीचे. व्हीएचएसच्या काळात दोन व्हीसीआर आणि मधे एक मिक्सर एवढ्यावर काम चालायचे. मग मिनीडीव्हीची कॅसेट आली, पॅनासॉनिकचा एमडी १०००० खांद्यावर आला आणि संगणकात कॅनोपसचे कार्ड बसले. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागायचा आणि ती हार्डडिस्कवर सुमारे १३ जीबी जागा खायची. त्या काळातल्या अशक्त संगणकांवर इतर सॉफ्टवेअर प्रत्येक डिझॉल्व्हला रेंडर मागायची, तेव्हा कॅनोपसचे चित्र टाइमलाइनवर थेट चालायचे. धंद्यात वेळ म्हणजे पैसा असतो, आणि एडियसने तो वाचवला. २००५ च्या अखेरीस ग्रास व्हॅलीची मालकी असलेल्या थॉमसनने कॅनोपस घेतली, पण एडियसचा हा गुण टिकला. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांच्या, वेगवेगळ्या फ्रेमरेटच्या क्लिप एकाच टाइमलाइनवर टाकल्या तरी ते कुरकुर करत नाही. एका लग्नात एक सोनी, एक पॅनासॉनिक, एक ड्रोन आणि नवरीच्या भावाचा मोबाइल असे चार प्रकारचे चित्रण येते, तेव्हा या गुणाची किंमत कळते.

पण एडियस इथे रुजले ते केवळ वेगामुळे नाही. त्याच्याभोवती एक अख्खी व्यवस्था उभी राहिली आहे. शूटिंग करणारे अनेक जण स्वतः मिक्सिंग करत नाहीत. हार्डडिस्क मिक्सिंगच्या दुकानात जाते. तिथे तयार प्रोजेक्ट असतात: गणपतीची सुरुवात, चि. आणि चि. सौ. कां. च्या पाट्या, गाण्यांच्या फ्रेम्स, शेवटच्या आभाराच्या पाट्या. हे प्रोजेक्ट एडियसचे असतात, कामगाराची बोटे एडियसच्या शॉर्टकटवर बसलेली असतात आणि नवा पोरगा त्याच्या शेजारी बसूनच शिकतो. पुस्तक नाही, कोर्स नाही, पण ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. ही व्यवस्था कमी लेखू नये. ज्याच्या दुकानात सीझनला चाळीस लग्ने येतात आणि प्रत्येकाला तीन तासांची सलग फिल्म हवी असते, त्याने केवळ फॅशन म्हणून एडियस सोडणे म्हणजे चालता धंदा अडकवून घेणे.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. एडियस फक्त विंडोजवर चालते. रंगकामाची साधने जुन्या आवृत्त्यांत तोकडी होती आणि नंतरच्या आवृत्त्यांत सुधारली, तरी रिझॉल्व्हच्या जवळ पोचलेली नाहीत. इंटरनेटवर त्याचे शिक्षण कमी मिळते, कारण जगभरचे शिकवणारे प्रीमियर आणि रिझॉल्व्हकडे वळले आहेत. अनेक दुकानांत आजही दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती चालते. तिला नव्या कॅमेऱ्यांच्या १०-बिट फाइल नीट पेलत नाहीत, आणि मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

अॅडोबी प्रीमियर १९९१ पासून आहे आणि २००३ मध्ये ते प्रीमियर प्रो झाले. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत, वृत्तवाहिन्यांत, वेब सिरीजच्या संकलनात त्याची गाठ पडतेच. फोटोशॉप येणाऱ्याला ते परके वाटत नाही, आफ्टर इफेक्ट्सशी त्याचे सूत जुळते आणि शिकण्याचे साहित्य हिंदीत भरपूर आहे. म्हणून ज्याला उद्या पुण्यात नोकरी करायची आहे किंवा बाहेरच्या एजन्सीचे काम घरी बसून करायचे आहे, त्याने प्रीमियर शिकावेच. समोरून प्रोजेक्ट फाइलच प्रीमियरची येते, तिथे आपली आवडनिवड चालत नाही.

अडचण पैशांची आहे आणि ती आपल्या भागाला जास्त टोचते. २०१२ ची सीएस ६ ही एकदाच पैसे भरून कायमची मिळणारी शेवटची मालिका. २०१३ पासून अॅडोबीने वर्गणी लावली. आपली कमाई सीझनची असते. श्रावण-भाद्रपदात दुकानात माशी हलत नाही, वर्गणी मात्र कापली जात असते. त्यात एक बारकावा आहे. दरमहा कमी रक्कम दिसते तो बहुतेक वेळा वर्षभराचा करार असतो. चौदा दिवसांनंतर तो मधेच मोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे शुल्क द्यावे लागते. याच अटीवरून जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या शिफारशीवरून तिथल्या न्याय खात्याने अॅडोबीवर खटला भरला. खऱ्या अर्थाने महिन्याची वर्गणी महाग पडते, पण हवी तेव्हा थांबवता येते. सहा महिने काम असणाऱ्याने दोन्हींची बेरीज कागदावर करून मगच कार्डाचा नंबर टाकावा.

डाव्हिन्ची रिझॉल्व्हची गोष्ट उलट दिशेची आहे. ते मुळात सिनेमाच्या रंगकामाचे यंत्र होते आणि लाखो रुपये मोजणाऱ्या लॅबमध्येच दिसायचे. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने ते बनवणारी कंपनी घेतली आणि पुढे त्याची विनामूल्य आवृत्ती दिली. हळूहळू त्यात संकलन आले, २०१७ च्या आवृत्ती १४ मध्ये आवाजासाठी फेअरलाइट आले, २०१८ च्या आवृत्ती १५ मध्ये इफेक्ट्ससाठी फ्यूजन आले. विनामूल्य आवृत्तीवर पाणचिन्ह नाही, मुदत नाही, आणि यूएचडीपर्यंतचे काम तिच्यावर होते. सशुल्क स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच घ्यायची असते, ती दोन संगणकांवर चालते आणि आजवर मोठ्या आवृत्त्यांसाठी पुन्हा पैसे घेतलेले नाहीत. ब्लॅकमॅजिकच्या काही कॅमेऱ्यांसोबत ती मिळतेच.

रंगकामात याला तोड नाही, आणि आपल्या लग्नांना रंगकामाची गरज फार आहे. दुपारी मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळलेला उजेड, संध्याकाळी रिसेप्शनला जांभळे-निळे एलईडी, हळदीत सगळेच पिवळे. नवरीच्या चेहऱ्याचा रंग या तिन्ही ठिकाणी माणसासारखा दिसला पाहिजे. सावळ्या चेहऱ्याला सरसकट गोरे करून टाकण्याची जी खोड आपल्या धंद्यात आहे, ती मला मनापासून खटकते. त्वचेचा रंग जपून बाकीचे सावरता येते, आणि रिझॉल्व्हमध्ये हे काम शिकायला जितके सोपे तितके इतरत्र नाही. कीर्तन रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी फेअरलाइटही मोलाचे आहे. पखवाज आणि टाळांच्या गजरात महाराजांचा शब्द दबतो, तो वेगळ्या ट्रॅकवर घेऊन वर आणता येतो. तीन कॅमेरे आवाजाच्या लहरींवरून जुळवणे हे तर रिझॉल्व्ह, प्रीमियर, फायनल कट सगळेच करतात.

तरीही रिझॉल्व्ह घेताना आपल्या संगणकाकडे पाहावे. ते ग्राफिक्स कार्डावर जगते. १६ जीबी रॅम आणि बरे कार्ड नसेल तर ते अडखळते, आणि मग तरुण मुले सॉफ्टवेअरला नावे ठेवून परत फिरतात. दुसरी अडचण फाइलींची आहे. नव्या सोनी-पॅनासॉनिक कॅमेऱ्यांतल्या १०-बिट ४:२:२ क्लिप विंडोजवरच्या विनामूल्य आवृत्तीत अनेकदा उघडत नाहीत. नॉइज रिडक्शन फक्त स्टुडिओ आवृत्तीत आहे, आणि अंधाऱ्या मंगल कार्यालयात त्याची गरज लागतेच. क्लिप उघडत नसतील तर शटर एन्कोडरसारख्या विनामूल्य साधनाने त्या डीएनएक्सएचआरमध्ये बदलून घ्याव्यात. जागा जास्त लागते, पण टाइमलाइन लोण्यासारखी चालते.

फायनल कटबद्दल थोडक्यातच. २०११ मध्ये नव्या रूपात आलेले हे सॉफ्टवेअर फक्त अॅपलच्या यंत्रांवर चालते, वेगवान आहे आणि काही दिवस विनामूल्य वापरून पाहता येते. २०२० च्या अखेरीस अॅपलच्या स्वतःच्या चिपा आल्यापासून छोटा मॅक मिनीसुद्धा १०-बिट चित्रण सहज पेलतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या एम ४ मॅक मिनीची भारतातली किंमत ५९,९०० रुपयांपासून सुरू झाली, तेव्हा मॅक म्हणजे श्रीमंती ही समजूत सोडायला हरकत नाही. पण त्यात नंतर रॅम वाढवता येत नाही आणि आपल्या भागात फायनल कट जाणणारा मदतनीस मिळणे कठीण. मिक्सिंगच्या दुकानाशी देवाणघेवाण असलेल्याने ते टाळावे. एकट्याने टीझर आणि छोट्या फिल्म करणाऱ्याला ते शोभते.

मोबाइलवर काम करणाऱ्यांना आपल्याकडे कमी समजतात, ते बरोबर नाही. तालुक्याच्या बातम्या देणारा पत्रकार बाजार समितीच्या आवारातूनच व्हिडिओ टाकतो, त्याला टेबलाची गरज नाही. कोरियाचे काइनमास्टर त्याला पुरते, फक्त पाणचिन्ह काढण्यासाठी पैसे भरावे लागतात. मात्र २९ जून २०२० ला सरकारच्या बंदीमुळे टिकटॉकसोबत विवाव्हिडिओसारखी संकलनाची अॅपही एका रात्रीत बंद झाली, हे विसरू नये. कॅपकटही भारतात अधिकृतपणे मिळत नाही, तरी आडवाटेने आणून वापरले जाते. ज्या अॅपचे उद्या काय होईल सांगता येत नाही, त्यावर आपल्या बातमीचा डोलारा उभा करू नये.

लातूरच्या क्लासेसचे काम मात्र अगदी वेगळे आहे, आणि तिथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो असे माझे मत आहे. नीटच्या भौतिकशास्त्राचे दीड तासाचे लेक्चर म्हणजे डिजिटल बोर्ड, सरांचा आवाज आणि मधल्या दहा ठिकाणच्या कात्र्या. त्यासाठी महागडे सॉफ्टवेअर कशाला? रेकॉर्डिंगला ओबीएस स्टुडिओ, कापायला शॉटकट, आणि नुसती सुरुवात-शेवट छाटायची असेल तर लॉसलेसकट. तिन्ही विनामूल्य आणि मुक्त परवान्याची. लॉसलेसकट पुन्हा एन्कोड न करता कापते, म्हणून दीड तासाची फाइल मिनिटभरात तयार होते. वाचलेले पैसे चांगल्या कॉलर माइकवर घालावेत. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला नाही तर निदान मोबाइलवर पाहणाऱ्याला तरी सर नीट ऐकू आले पाहिजेत.

आता एका गोष्टीवर मला थांबायचे आहे, कारण परक्या तुलनांमध्ये ती कधीच येत नाही: मराठी अक्षरे. लग्नाच्या फिल्ममध्ये सर्वांत आधी दिसते ते नाव. वऱ्हाडे, क्षीरसागर, सूर्यवंशी, कुलकर्णी, ज्ञानोबा, कृष्णाबाई ही नावे चुकली तर पाहुण्यांसमोर मान खाली जाते. अनेक सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी टाइप केले की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडते, जोडाक्षरे फुटून मधे पाय मोडलेली अक्षरे दिसतात आणि वऱ्हाडमधला ऱ्ह तर हमखास बिघडतो. म्हणून जुनी दुकाने श्रीलिपी, कृतिदेव असे जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरत आली. त्यांत अक्षर दिसते बरोबर, पण तो मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की गिचमीड होते, शोधता येत नाही आणि यूट्यूबच्या शीर्षकात चिकटवता येत नाही.

युनिकोडवर यावे, हाच मार्ग आहे. प्रीमियरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन दक्षिण आशियाई व मध्यपूर्वेच्या लिप्यांचे निवडावे लागते, ते न निवडल्यामुळे अर्धे लोक वैतागतात. रिझॉल्व्हमध्ये साधे टेक्स्ट आणि टेक्स्ट प्लस ही दोन साधने आहेत. दोन्हींत आपली नावे टाइप करून पाहावीत, आवृत्तीगणिक फरक पडतो. एडियसच्या क्विक टायटलरचीही तीच परीक्षा घ्यावी. काहीच जमले नाही तर नावाची पाटी फोटोशॉप किंवा इंकस्केपमध्ये करून पारदर्शक पीएनजी म्हणून आणावी. हा जुना उपाय कधी दगा देत नाही. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट विनामूल्य आणि देखणे आहेत. कोणतेही सॉफ्टवेअर घेण्याआधी त्यात ‘चि. सौ. कां. कृष्णा वऱ्हाडे’ आणि ‘ज्ञानेश्वर क्षीरसागर’ एवढे लिहून पाहावे. त्यात नापास झालेल्या सॉफ्टवेअरची बाकीची वैशिष्ट्ये वाचण्यात वेळ घालवू नये.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे, आणि सगळ्यांना ठाऊक असून कोणी लिहीत नाही. आपल्याकडची निवड बहुतेकदा ‘कशाचे क्रॅक मिळते’ यावर ठरते. लाख-दीड लाखाचा कॅमेरा हप्त्यावर घेणारा माणूस सॉफ्टवेअर मात्र पेन ड्राइव्हवर मागून आणतो. कायद्याचे आधी सांगतो: कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पण त्याहून मोठा धोका रोजचा आहे. स्टॉप किंवा डीजेव्हीयू नावाने ओळखले जाणारे खंडणीखोर व्हायरस मुख्यतः क्रॅक आणि की-जनरेटरमधूनच पसरले. ते संगणकातल्या सगळ्या फाइल कुलूपबंद करतात आणि ९८० डॉलर मागतात, तीन दिवसांत दिले तर निम्मे. त्या फाइलींमध्ये कोणाच्या तरी लेकीचे लग्न असते. ते पुन्हा चित्रित करता येत नाही. लग्नानंतर वारलेल्या आजोबांची शेवटची छबी अनेकदा त्याच हार्डडिस्कवर असते. चांगले, विनामूल्य आणि कायदेशीर सॉफ्टवेअर हाताशी असताना ही जोखीम घेणे मला अक्षम्य वाटते.

सॉफ्टवेअरच्या वादात यंत्राचा हिशोब मागे पडतो. १०० मेगाबिटच्या ४के चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांवर मिळून सहा तास चित्रण झाले की एका लग्नाचे २७० जीबी झाले, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवायची म्हणजे दुप्पट. कमी ताकदीच्या संगणकावर प्रॉक्सी, म्हणजे चित्रणाच्या हलक्या प्रती, करून काम केले तर चारही मोठी सॉफ्टवेअर सुसह्य होतात. ही सोय असूनही फार थोडे जण ती वापरतात. १०-बिट ४:२:२ एच.२६५ क्लिपसाठी इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अंगभूत ग्राफिक्सचा उपयोग होतो. एनव्हिडियाच्या कार्डांना ही क्षमता २०२५ च्या ५० मालिकेत आली, त्याआधीची महागडी कार्डेही इथे कामी येत नाहीत. मे महिन्यातल्या उन्हात आणि विजेच्या लपंडावात रेंडर लावायचे असेल तर यूपीएस हवाच, आणि ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर असावा.

मग काय घ्यावे? चालत्या मिक्सिंगच्या दुकानाने एडियसच ठेवावे, पण परवान्याची नवी प्रत घ्यावी आणि एका टेबलावर रिझॉल्व्ह सुरू करावे. रंगकाम तिकडे पाठवून परत आणता येते. नव्याने सुरू करणाऱ्याने थेट रिझॉल्व्हच्या विनामूल्य आवृत्तीवर शिकावे आणि पहिल्या सीझनच्या कमाईतून स्टुडिओ आवृत्ती घ्यावी. बाहेरच्या एजन्सीचे काम किंवा नोकरी हवी असेल तर प्रीमियर, तेही काम हाती आल्यावर. क्लासेसनी आणि छोट्या बातमीदारांनी पैसे आवाजावर घालावेत. आणि कोणतेही सॉफ्टवेअर ऐन सीझनमध्ये बदलू नये. बदल आषाढ ते कार्तिक या मोकळ्या महिन्यांत, एखाद्या जुन्या लग्नाचे फुटेज पुन्हा कापून करावा.

राहिली एक मागणी. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र संकुल आहे, लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. या विद्यापीठाने स्टुडिओत राबणाऱ्या, पदवी नसलेल्या मुलांसाठी पावसाळ्यात महिनाभराचा मराठी अभ्यासवर्ग सुरू करावा. त्यात रिझॉल्व्ह, युनिकोड टायपिंग आणि फाइलींच्या प्रती ठेवण्याची शिस्त एवढेच शिकवले तरी चालेल. फोटोग्राफर संघटनांनी ही मागणी लेखी करावी आणि आपल्या कामगारांना त्या महिन्याची सुटी द्यावी.